तलावाचा उथळ काठ

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या मामा तलावांबद्दल. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. कोहळी समाजानं धानासाठी बांधलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारीबरोबर सरकारजमा झाले. गावाचा हात त्यांच्यावरून निघाला आणि काठानं बेशरमीची झुडपं माजली. तुमच्या घरामागच्या सांदवाडीत असते तीच बेशरम.

आता मला सांगायचंय ते ऐका. पावसाळा नुकताच लागला होता. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया मांडीभर पाण्यात वाकून रोवणी करत होत्या. धानाची नव्हे, पाणवनस्पतींची! उन्हाळ्यात त्यांनी बेशरम मुळासकट उपटली होती, तळ नांगरून घेतला होता. दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं ओल्या पोत्यात गुंडाळलेली. एकेक मूळ अंगठ्यानं चिखलात दाबायचं, की पुढं सरकायचं. काठाशी देवधान म्हणजे रानटी भात, जरा आत पांढरं कमळ, त्याही आत पाण्याखाली वाढणारं गवत. खोलीप्रमाणे ज्याची त्याची जागा ठरलेली.

मी विचारलं, "आजी, ह्या गवताचा तुम्हाला काय उपयोग?" हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "मासोरी अंडी कोठी टाकल बाप्पा? तिले बी आडोसा पायजे ना!" मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर येऊन त्यांनी पलीकडचा तलाव दाखवला. यंत्रानं खोल केलेला, काठ भिंतीसारखा सरळ कापलेला. पाणी भरपूर, पण पक्षी म्हणाल तर चार पाणकावळे. इकडं आधी रोवलेल्या बाजूला मात्र कमळपक्षी पानापानांवरून चालत होता.

म्हणून सांगतो, काठ उथळ राहू द्या. गाळ जरूर काढा, पण तलावाचा उतार मोडू नका. मासा तिथं वाढतो, बदक तिथं चरतं, आणि महाराष्ट्रात आता आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडंच उरलेला सारस धानाच्या बांधीत, तलावाच्या उथळ पाणथळीत घरटं करतो. ह्या तलावातली मरळ एकदा खाऊन पाहा, बर्फातून आलेल्या माशाला ती चव नाही. आपल्या बाजारात गावच्या मासळीला वेगळा ओटा हवा, असं माझं ठाम मत आहे.

तर श्रोतेहो, काठ उथळ राहू द्या. आणि हिवाळ्यात पाहुणे घेऊन नवेगावबांधला किंवा एखाद्या गावतलावावर जाल, तेव्हा पाळीवरूनच पाहा. सारसाच्या जोडीमागं मोबाईल घेऊन बांधीत उतरू नका. गावातल्या एखाद्या ढिवर भावाला सोबत घ्या, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. कोणता पक्षी कुठं उतरतो, हे त्याला रोजच्या जाळ्यामुळं ठाऊक असतं.