साल्टन सी : निचऱ्यावर जगलेला समुद्र

(दृश्य : ड्रोन. पहाट. लांबच लांब पांढरा किनारा, मागे करड्या डोंगरांची रांग.)

निवेदन :
कॅलिफोर्नियाचा दक्षिण कोपरा. मेक्सिकोची सरहद्द इथून जवळ. वर्षाला जेमतेम तीन इंच पाऊस, आणि त्या वाळवंटात हे एवढं पाणी. नाव साल्टन सी. म्हणायला समुद्र, प्रत्यक्षात सरोवर. लांबी साधारण छप्पन्न किलोमीटर. क्षेत्रफळाने कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं.

हा किनारा वरून वाळूचा दिसतो. कॅमेरा खाली नेऊ.

(दृश्य : क्लोजअप. बुटाखाली मोडणारी कवचं.)

ही बार्नेकलची कवचं. समुद्रात खडकांना, धक्क्याच्या खांबांना, होडीच्या बुडाला घट्ट चिकटून राहणारा हा जीव. एकेक कवच नखाएवढं, शंकूच्या आकाराचं, वरच्या टोकाला उघडं. त्यांच्यात मिसळलेले माशांचे मणके, कल्ल्यांवरची झाकणं आणि तिलापियाचे वाळलेले खवले. समुद्रातला हा प्राणी वाळवंटात आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इथे उतरणाऱ्या नौदलाच्या विमानांबरोबर, असं मानलं जातं. आला आणि बेसुमार वाढला. चिकटायला खडक नव्हते, तेव्हा बुडालेली झुडपं, खांब, कुंपणं, जे मिळेल त्याला चिकटला. मेल्यावर लाटांनी कवचं काठाला आणून टाकली, त्यांचे असे बांध तयार झाले.

या बांधांवर चालता येतं. त्यांच्या पलीकडे पाण्याच्या बाजूला जो गडद, चकचकीत पट्टा दिसतो, तिथे मात्र पाय टाकायचा नाही. वरचा पापुद्रा कोरडा असतो, खाली गाळ. पापुद्रा फुटला की माणूस घोट्याच्या वर रुततो, आणि त्या काळ्या गाळातून सडक्या अंड्यांचा वास उसळतो.

(दृश्य : बॉम्बे बीच. मिठाने माखलेले लाकडी खांब, अर्धी गाडलेली ट्रेलर-घरं, गंजून जाळी झालेला पत्रा.)

पूर्व किनाऱ्यावरचं हे बॉम्बे बीच. नाव मराठी कानाला ओळखीचं, पण मुंबई इथून अर्ध्या पृथ्वीवर. गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे, सुमारे अडुसष्ट मीटर. २०२०च्या जनगणनेत इथे २३१ माणसं होती.

हे लाकूड जवळून बघा. खारं पाणी लाकडाच्या रंध्रांतून आपोआप वर चढतं. वर उन्हात पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. रंध्रातल्या रंध्रात त्याचे खडे वाढतात आणि तंतू एकमेकांपासून सुटे करतात. म्हणून खांब पाण्यातल्या भागात शाबूत दिसतो आणि पाण्याच्या वर हातभर अंतरावर त्याची पिंजण झालेली असते. खिळे त्याच्या आधीच गेलेले असतात. खिळा गंजला की फुगतो, फळी फाटते, जोड सुटतो. या किनाऱ्यावरची घरं वाऱ्याने पडलेली नाहीत. मिठाने ती जोडांतून सोडवली आहेत.

छायाचित्रकार इथे याच रंगांसाठी येतात. पांढरं मीठ, तांबूस गंज, पहाटे गुलाबी होणारं पाणी. हे रंग कुठून आले, ते शोधत गेलं की वाट शंभराहून अधिक वर्षं मागे, एका कालव्याच्या काठावर जाते.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. फुटलेला काठ, रेल्वेचा लाकडी पूल, दगडांच्या वाघिणी.)

१९०१ साली कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने या खोऱ्यात आणलं गेलं. खोऱ्याला नाव दिलं इम्पीरियल व्हॅली. खोरं नदीच्या पातळीपेक्षा खोल, त्यामुळे उपसा नको, पाणी उताराने येणार. हिशेब सोपा होता. त्यात गाळ मात्र धरलेला नव्हता. कोलोरॅडोचं पाणी अतिशय गढूळ. सपाट कालव्यात वेग कमी पडला की गाळ तळाशी बसतो. तीन वर्षांत कालव्याचा सुरुवातीचा भाग गाळाने भरला, शेतं तहानलेली, शेतकरी संतापलेले.

१९०४च्या अखेरीस कालवा काढणाऱ्या कंपनीने गाळ काढायच्या ऐवजी सरहद्दीच्या खाली, मेक्सिकोच्या हद्दीत, नदीच्या काठाला नवा काप दिला. पाणी आत घेणाऱ्या कापाला दरवाजा लागतो, नदी चढली की तो बंद करता यावा म्हणून. इथे तो बसवलाच नव्हता. पूर येण्याआधी बसवू, असा बेत होता.

१९०५ची सुरुवातच पुरांनी झाली. मऊ गाळाचे काठ ढासळत गेले, काप रुंदावत गेला, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात अख्खी नदी खोऱ्यात वळली. समुद्राकडे जाणारं जुनं पात्र जवळजवळ कोरडं पडलं.

या छायाचित्रातला धबधबा बघा. खोलगट भागाकडे धावणारं पाणी मऊ जमीन कापत उलट दिशेने, नदीकडे सरकत होतं. कड्याचा पाया पोखरायचा, वरचा भाग कोसळायचा, धबधबा आणखी मागे. मेक्सिकाली गावाचा काही भाग याच कापणीत गेला. खाली साल्टनच्या मिठागरावर पाणी चढलं. सदर्न पॅसिफिक रेल्वेला रूळ उचलून पुन्हा पुन्हा उंचावर टाकावे लागले. टोरेस-मार्टिनेझ या आदिवासी समाजाची हजारो एकर जमीन पाण्याखाली गेली, ती आजतागायत पूर्ण वर आलेली नाही.

भगदाड शेवटी रेल्वेनेच बुजवलं. नुसते दगड टाकून भागत नव्हतं, गाळाच्या तळात ते खचत. म्हणून आधी विलोच्या फांद्यांच्या जाड चटया तारदोरांनी बांधून तळाला अंथरल्या. मग लाकडी खांब ठोकून प्रवाहावर रेल्वेचा पूल उभा केला, आणि पुलावरच्या वाघिणींतून दगड थेट पाण्यात ओतले. वाहून जातील त्यापेक्षा जास्त वेगाने दगड पडले पाहिजेत, एवढंच गणित. नोव्हेंबर १९०६मध्ये भगदाड बंद झालं. डिसेंबरमध्ये पाणी जवळच्याच मातीच्या बांधाखालून झिरपलं आणि बांध फुटला. पुन्हा चटया, पुन्हा खांब, पुन्हा वाघिणी. फेब्रुवारी १९०७मध्ये नदी जुन्या पात्रात परतली.

मागे राहिलं हे सरोवर.

(दृश्य : इम्पीरियल व्हॅलीची हिरवी शेतं, चौकोनी वाफे, चराला येऊन मिळणारा निचऱ्याचा पाइप.)

इथून पुढचं नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या एका पाइपात आहे.

लोणारप्रमाणेच हे बंदिस्त खोरं. पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. वाफ होऊन जातं तेवढंच. आणि इथे वर्षाला साधारण सहा फूट पाण्याची वाफ होते. नवं पाणी आलं नसतं तर हे सरोवर केव्हाच आटलं असतं, आणि ते तसं आटायलाही लागलं होतं. त्याला जगवलं शेतीने.

सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाटाचं पाणी भरपूर दिलं, निचरा नसला, की जमीन क्षारपड होते. कोलोरॅडोचं पाणी मुळातच क्षारांचं. एक एकर-फूट पाण्यात, म्हणजे सुमारे बारा लाख लिटरमध्ये, जवळजवळ एक टन क्षार. ते धुऊन काढायला पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पाणी द्यावं लागतं, आणि ते वाहून न्यायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. इम्पीरियल व्हॅलीत असे पाइप हजारो मैल आहेत. त्यांचं पाणी चरात, चर अलामो आणि न्यू या दोन नद्यांत, आणि नद्या साल्टन सीमध्ये. शेत वाचतं, मीठ सरोवराच्या नावावर जमा होतं. दरवर्षी, लाखो टन.

(दृश्य : १९६०च्या सुमारची रंगीत चित्रफीत. स्पीडबोट, वॉटर-स्कीइंग, धक्क्यावरची गर्दी. मग तीच इमारत आज.)

पण काही दशकं हे गणित जमून राहिलं. शेतातून येणारं पाणी आणि उन्हाने जाणारं पाणी सारखं. खारटपणा समुद्राइतका. १९५०च्या दशकात राज्याच्या मत्स्यखात्याने कॅलिफोर्नियाच्या आखातातून कॉर्व्हिना, सार्गो, क्रोकर असे मासे आणून सोडले. ते टिकले, आणि मासेमारीला झुंबड उडाली. बोटींच्या शर्यतींनाही ही जागा मानवायची : समुद्रसपाटीखालची दाट हवा इंजिनाला जास्त ताकद देते, आणि खाऱ्या पाण्यात बोट जरा वर तरंगते.

उत्तर किनाऱ्यावरची ही इमारत, नॉर्थ शोअर यॉट क्लब. वास्तुकार आल्बर्ट फ्रे. वाळवंटातल्या आधुनिक वास्तुकलेत मोठं नाव. जहाजासारखी ठेवण, गोल खिडक्या, उन्हाला तोंड देणारा धातूचा बाह्यभाग. १९८४मध्ये क्लब बंद पडला. पुढे डागडुजी होऊन तिचं समाजकेंद्र झालं, म्हणून ती आज उभी दिसते.

पश्चिमेला साल्टन सिटी. १९५८मध्ये पेन फिलिप्स या विकसकाने इथे प्लॉट विकायला काढले. आधी रस्ते, मग पाण्याच्या नळवाहिन्या, विजेचे खांब, कोपऱ्याकोपऱ्यावर नावांच्या पाट्या. घरं मागून येणार होती. दोन वर्षांत त्यांनी आपला वाटा विकून पाय काढला. आकाशातून ही रस्त्यांची जाळी बघा. चौकोनामागून चौकोन, आणि कितीतरी चौकोनांत एकही घर नाही.

१९७६मध्ये कॅथलीन आणि १९७७मध्ये डोरीन ही वादळं आली. शेतातून येणारं पाणीही वाढलेलं होतं. पातळी चढली आणि काठची घरं, बागा, धक्के खाऱ्या पाण्यात गेले. बॉम्बे बीचने गावाभोवती मातीचा बांध घातला. बांधाच्या आतलं गाव राहिलं, बाहेरचं बुडालं. आज ज्यांचे फोटो काढले जातात ते अवशेष बहुतेक या बाहेरच्या पट्ट्यातले. म्हणजे इथलं उजाडपण आधी पाणी वाढल्याने सुरू झालं. पाणी आटणं नंतरचं.

(दृश्य : काठाला लागलेले मेलेले मासे. उपग्रहचित्रात दुधाळ हिरवं पाणी.)

४ ऑगस्ट १९९९. एका दिवसात ७६ लाख मासे मेले. विष कोणी टाकलेलं नव्हतं. शेतातून आलेल्या खतांवर शेवाळ वाढतं, मरतं, तळाशी कुजतं. कुजताना तळाचा प्राणवायू संपतो. मग पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, मघाच्या गाळातला तोच वास. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं थंड पाणी मिसळत नाही, त्यामुळे हे सगळं तळाशी दबून राहतं. एक जोराचा वारा आला की सरोवर ढवळलं जातं, सल्फाइड वर येऊन उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो, आणि माशांना श्वास घेता येत नाही. त्याच वेळी पाण्यात जिप्समचे बारीक कण तयार होतात. हिरवा रंग त्यांचा. उपग्रहातून तो फार सुंदर दिसतो.

त्याआधी, १९९६मध्ये, बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराची, बाधा झालेले तिलापिया खाऊन आठ हजारांहून अधिक पांढरे पेलिकन पक्षी आजारी पडले किंवा मेले.

(दृश्य : कोरडी पडलेली गोदी. जमिनीवर आडवा तरंगता धक्का. दूर पाण्याची रेघ.)

२००३मध्ये पाणीवाटपाचा करार झाला. इम्पीरियल व्हॅलीने शेतीत पाणी वाचवायचं आणि वाचलेलं पाणी सॅन डिएगो शहराच्या बाजूला द्यायचं. ठिबक, तुषार, शेताच्या टोकाला वाहून जाणारं पाणी पुन्हा उचलणं. शेतीच्या दृष्टीने सगळं योग्य. पण जे पाणी शेतात वाया जात होतं, त्यावरच हे सरोवर उभं होतं. भरपाई म्हणून सरोवरात सोडायचं पाणी २०१७च्या अखेरीस थांबलं. पातळी तेव्हापासून वेगाने उतरते आहे. तळ इतका सपाट की पाणी एक फूट खाली गेलं तरी काठ कितीतरी लांब सरकतो. खारटपणा समुद्राच्या दुपटीच्या आसपास. कॉर्व्हिना संपला. बार्नेकलही आता पाण्यापेक्षा काठावरच जास्त दिसतात.

(दृश्य : क्लोजअप. उघडा पडलेला तळ, फुगलेला पांढरा पापुद्रा, बोटाने दाबल्यावर होणारं पीठ.)

हा उघडा तळ. हिवाळ्याच्या गारव्यात सोडियम सल्फेट पाणी शोषून फुगतं आणि पापुद्रा उचलला जातो. ऊन वाढलं की तेच पाणी उडून जातं, उरते बारीक पूड. याच सुमाराला वारे सुटतात. इम्पीरियल परगण्यात मुलांना दम्यासाठी रुग्णालयात न्यावं लागण्याचं प्रमाण राज्यात फार वरचं आहे.

(दृश्य : ट्रॅक्टर, खोल सऱ्या, गवताच्या पेंड्यांच्या रांगा.)

धूळ अडवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नांगर. वाऱ्याच्या आडव्या दिशेने खोल सऱ्या पाडायच्या. उंच वरंब्यांनी जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि सरकणारी वाळू सरीत पडते. ढेकूळ धरणारी चिकण जमीन असली तर वरंबे टिकतात. रेताड असली तर काही वाऱ्यांत ते बसतात, सऱ्या भरतात, पुन्हा ट्रॅक्टर लागतो. तिथे गवताच्या पेंड्या रचतात आणि त्यांच्या आडोशाला क्षार सोसणारी स्थानिक झुडपं लावतात. झुडपं धरेपर्यंत गोडं पाणी द्यावं लागतं, आणि इथे घोडं अडतं ते त्याच पाण्यावर.

(दृश्य : दक्षिण टोक. नवे मातीचे बांध, पाणपक्षी.)

न्यू नदीच्या मुखाशी राज्य सरकारने २०२१मध्ये सुमारे ४,१०० एकरांच्या तळ्यांचं काम सुरू केलं. नदीचं पाणी सरोवराच्या खाऱ्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळायचं, म्हणजे मासे जगतील इतपत खारटपणा राहतो. मध्ये पक्ष्यांना घरटी करायला बेटं. तळी भरली की तेवढा तळ पाण्याखाली जातो आणि धूळ तिथल्या तिथे थांबते. उपाय चालतो. पण उघडा पडलेला तळ याच्या कित्येक पट आहे. आमचं म्हणणं एवढंच, की पुढचे बांध आणि पुढच्या सऱ्या बॉम्बे बीच, साल्टन सिटी, नॉर्थ शोअर या वस्त्यांच्या वाऱ्याच्या बाजूला आधी पडाव्यात. आणि शेतात वाचवलेल्या प्रत्येक एकर-फुटाचा करार लिहिताना, त्यातलं किती पाणी सरोवराला जायचं, हा आकडा त्याच कागदावर असावा.