गाडीचं नाव 'ना'

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात स्वारगेटच्या थांब्यावर कुणी 'बस आली' म्हणून ओरडतं, तेव्हा तो माणूस खरं तर नुसता एक प्रत्यय उच्चारत असतो. थट्टा नाही. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि त्याचं चतुर्थीचं अनेकवचन 'ऑम्निबस', म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. शाळेत घोकलेलं आठवा: स, ला, ते, स, ला, ना, ते. आपल्या 'सर्वांना'मधला 'ना' तोडून गाडीलाच 'ना' म्हणावं, तसा हा प्रकार. 'अहो, सव्वानऊची ना चुकली!'

१८२६च्या सुमारास फ्रान्समधल्या नांत शहराबाहेर स्तानिस्ला बोद्री नावाच्या गृहस्थांची गरम पाण्याची स्नानगृहं होती. गिऱ्हाइकांसाठी त्यांनी गावातून घोडागाडी सुरू केली. लोक गाडीत बसत, पण मध्येच उतरून आपापल्या कामाला जात. आंघोळ राहिली बाजूला! आंघोळीपेक्षा गाडीतच जास्त पैसा आहे, हे बोद्रींनी ओळखलं आणि १८२८ साली त्यांच्या गाड्या 'ऑम्निबस' या नावानं पॅरिसात धावू लागल्या. ४ जुलै १८२९ला जॉर्ज शिलिबीर यांनी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी गाडी सोडली. तीन घोडे, बावीस उतारू. इंग्रजांनी नाव आखडलं. सुरुवातीला 'बस'च्या आधी लोपचिन्ह, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, लिहीत, पुढं तेही गळालं.

मग या शेपटालाच नवी डोकी फुटली: मिनीबस, ट्रॉलीबस, एअरबस. अनेक सर्किटांना एकत्र वीज पुरवणारी धातूची पट्टी ती बसबार. आणि मोबाईलच्या यूएसबीतला शेवटचा 'बी' म्हणजेही बसच.

आपण याच्या उलट केलं. 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची दोन आद्याक्षरं घेतली आणि त्यांनाच मराठी प्रत्यय जोडले: एसटीनं, एसटीतून, एसट्या. गावाकडे तर सरळ येष्टी. ही पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहूनच अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. शहरातल्या गाड्यांचं पाहा. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. पाच अक्षरं कोण म्हणणार? पीएमपीवर भागतं, आणि जुनी मंडळी अजून पीएमटीच म्हणतात.

एक शंका मात्र नेहमी विचारली जाते: 'बस'चा आपल्या 'बसणे'शी काही संबंध? अजिबात नाही. संध्याकाळी सहाला कात्रजच्या गाडीत चढून पाहा, पटेल.