संकल्पचित्राचा तास

(कलाशिक्षकांच्या एका मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मित्रहो, या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकानं शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेली आहे. आता तुम्ही मुलांना त्या परीक्षांना बसवता. त्यात संकल्पचित्राचा पेपर असतो. वर्तुळ किंवा चौकोन आखायचा, त्यात पानंफुलं बसवायची, पोस्टर कलर सपाट लावायचा, ब्रशचा फराटा दिसता कामा नये. ‘डिझाइन’ हा शब्द आपल्या मनात रुजला तो याच तासाला. साडीचं डिझाइन, ग्रिलचं डिझाइन, मेंदीचं डिझाइन. डिझाइन म्हणजे नक्षी. मीही अशाच वर्गात शिकलो आणि त्या तासाबद्दल मला आजही प्रेम आहे. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ कळायला मला पंचविशी गाठावी लागली.

तो अर्थ आपल्या देशात नीट मांडला गेला १९५८ साली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दाम्पत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथं आलं, देशभर फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. फिरताना पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात जास्त भावला आपला लोटा. कुणी एका माणसानं बसून तो आखलेला नाही, पिढ्यान् पिढ्या वापरता वापरता तो तसा झाला. मग त्यांनी विचारलं: तो नव्यानं घडवायचा तर काय काय बघावं लागेल? पाणी किती मावावं, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठं राहतो, रिकामा झाल्यावर कुठं, ओतताना धार कशी पडते, तळहातात कसा बसतो, किंमत काय पडेल. मी हे पहिल्यांदा वाचलं आणि उठून देवघरातला तांब्या हातात घेतला. गळ्याशी बोटं जिथं अडकतात, तिथं पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं. चार पिढ्यांच्या बोटांनी.

त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावाबहिणीनं तिला आकार दिला. आता मला ज्यासाठी तुम्हाला इथं बसवून ठेवायचंय ती गोष्ट सांगतो. बारावीनंतरच्या मुलांचा पदवी स्तरावरचा अभ्यासक्रम तिथं १९७०च्या सुमाराला सुरू झाला. मधल्या काळात शिक्षक घडत होते. देशोदेशीचे डिझाइनर येत, त्यांच्या हाताखाली आपली तरुण मंडळी कारखान्यात, कार्यशाळेत काम करत आणि तीच पुढे शिकवायला उभी राहिली. जवळजवळ दहा वर्षं! एवढा धीर आज कुठल्या संस्थेला परवडतो?

त्या धीराची फळं आपण रोज वापरतो. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी आधी अहमदाबादेत शिकवत होते. पुढे १९६९ साली मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं, त्याचा पाया त्यांनी घातला. जाहिरात क्षेत्रातून तिथं शिकवायला आले र. कृ. जोशी. संगणकावर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फाँट वापरला तो त्यांचा. मतदान यंत्राचं निळं बटण, शेजारचा लाल दिवा, हे रूप आयडीसीच्याच प्राध्यापकांनी दिलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपलं मत कुठं पडलं ते कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. यात नक्षी कुठंच नाही, पण आमच्या लेखी यापेक्षा मोठं डिझाइन नाही.

२००७ साली राष्ट्रीय डिझाइन धोरण आलं. त्यानंतर आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश आणि आसामात नव्या एनआयडी झाल्या, आयआयटींमध्ये विभाग निघाले, खाजगी महाविद्यालयांची तर रांग लागली. देशाला डिझाइनर हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार क्रमाबद्दल आहे. इमारत आधी, प्रवेश आधी, शिक्षक मागून. परवा पदवी घेतलेला मुलगा आज साठ मुलांपुढे उभा केला जातो. आणि दाराशीच चाळणी लागते ती भाषेची. आयआयटींमधल्या डिझाइन पदवीच्या प्रवेशासाठीची यूसीड परीक्षा इंग्रजीतच होते. तालुक्याच्या गावात सुंदर स्थिरचित्र काढणारी मुलगी, शहरातला महागडा क्लास लावल्याशिवाय तिथवर पोचत नाही.

माझ्या डिझाइनच्या वर्गापर्यंत पोचलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या गावातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणून तिनं विषय घेतला कोयत्याच्या मुठीचा. पंधरा मुठी केल्या, देखण्या. त्या घेऊन ती फडात गेली. बायकांनी मुठी कौतुकानं हाताळल्या आणि म्हणाल्या, “पोरी, कोयता आम्ही लोहाराकडून हवा तसा करून घेतो. मोळीचं काहीतरी बघ.” डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी आणि पुढे ट्रॉलीला टेकवलेली अरुंद फळी. पहाटेच्या दवानं ती ओली असते. त्या फळीवरून चढायचं, वर मोळी टाकायची, तसंच उतरायचं. तिनं मुठी बाजूला ठेवल्या आणि फळी मोजायला घेतली: रुंदी, चढ, पाऊल कुठं घसरतं. तोवर सत्र संपत आलं होतं. मूल्यमापनाला आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “तयार वस्तू कुठाय?” वस्तू नव्हती. गुण कमी पडले. ते मला अजून सलतं, कारण त्या वर्षीच्या वर्गात लोट्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं तिलाच कळला होता.

आज ती एका शाळेत कलाशिक्षिका आहे. संकल्पचित्राच्या तासाला ती आधी पानंफुलं करून घेते, कारण परीक्षा आहे आणि दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. मग मुलांना सांगते, घरी जी वस्तू रोज कुणाला तरी त्रास देते ती काढून आणा आणि कुठं त्रास होतो तिथं बाण दाखवा. मराठीत लिहा.

येत्या मे महिन्यात आम्ही दोघं मिळून दहा दिवसांचं शिबिर घेतोय, फक्त कलाशिक्षकांसाठी. जागा बाराच आहेत, कारण त्याहून जास्त जणांच्या हाताकडे आम्हाला नीट बघता येणार नाही. येताना घरातली दहा वर्षं वापरलेली एक वस्तू आणा, धुऊनपुसून नको, आहे तशी. आणि ती वापरणारं माणूस येऊ शकत असेल, तर एक दिवस त्यालाही बरोबर घेऊन या.