दोन इंजिनांची आरएक्स

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात लेथ थोडा वेळ बंद ठेवला आहे. स्टँडवर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या कवचावर, कोरलेल्या इंजिन नंबरावर मिस्त्रींनी पातळ कागदाची पट्टी दाबून धरली आहे आणि गाडीचे मालक तिच्यावरून आडवी पेन्सिल हलक्या हाताने फिरवत आहेत. काळ्या होत जाणाऱ्या पट्टीवर एकेक आकडा पांढरा उमटतो. पट्टी आरसी बुकाच्या शेजारी ठेवली जाते. आकडे जुळत नाहीत. सहा वर्षांपूर्वी हे इंजिन बसवले, त्या दिवसापासून मालकांना हे ठाऊक आहे. परंतु आता गाडी विकायला काढल्यावर त्यांना नुसते ठाऊक असून भागणार नाही.

गाडी १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. भारतात ही गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि जेमतेम १०० किलोच्या आसपासचे वजन, एवढ्या भांडवलावर तिने एका पिढीला वेड लावले. हँडलखालच्या नळीवर कोरलेला चासी नंबर आजही आरसीतल्या नंबरशी तंतोतंत जुळतो. इंजिन मात्र तिच्या मागून आलेल्या आरएक्स १३५ चे, पाच गिअरचे आहे. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५० मिलिमीटर आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा ५० वरून ५८ वर गेला आणि त्यामुळे ९८ सीसीचे १३२ सीसी झाले. फ्रेमला हात न लावता हे इंजिन जागेवर बसते, म्हणूनच हा बदल करण्याचा मोह अनेकांना होतो.

मालकांनी हे काम मन लावून केले होते, हे गाडीकडे पाहताच कळते. क्रँक उघडून बेअरिंगे बदलली, दोन्ही बाजूंची ऑइल सील नवी घातली. टू-स्ट्रोकमध्ये मॅग्नेटच्या बाजूचे सील थकले की इंजिन तिथून हवा ओढते, पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि चांगला पिस्टनही सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. त्यामुळे या दोन स्वस्त रबरी कड्यांवर मिस्त्रींनी जितके लक्ष दिले तितके टाकीच्या रंगावरही दिले नसेल. रंग मात्र आरसीत नोंदवलेला लालच ठेवला, हा शहाणपणा तेव्हाही शाबूत होता.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किक मारणे जमेनासे झाले आणि गाडी विकण्याचा निर्णय झाला. पाहायला आलेल्या पहिल्या तिघांनी घोडबंदर रस्त्यावर फेरी मारली, फायरिंगचा आवाज ऐकला आणि मालकांनी मनात धरली होती त्याहून अधिक किंमत सांगितली. इंजिन नंबरचा विषय निघाल्यावर त्यांपैकी एकाने सहज सांगितले, ‘काका, टीटी फॉर्मवर सही करून द्या, बाकीचं आम्ही बघतो.’ टीटी फॉर्म म्हणजे मालकी हस्तांतराचा फॉर्म.

या ‘बाकीच्या’ गोष्टींकडे नीट पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ काटेकोरपणे स्पष्ट केला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाबद्दल मालकाला शिक्षेची तरतूदही झाली. विम्याच्या पॉलिसीवर जुनाच इंजिन नंबर असल्यामुळे भरपाईच्या वेळी वाद उभा राहू शकतो तो वेगळाच. त्याहून गंभीर बाब अशी की, गाडी दुसऱ्याच्या ताब्यात गेली तरी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो आणि अपघातातल्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून किल्ली देणारा माणूस घरी निश्चिंत झोपतो, आणि गाडी त्याच्याच नावावर रस्त्यावर फिरत असते.

आपण सहा वर्षे चुकीच्या कागदावर गाडी चालवली, हे मालकांनी आमच्यापासून लपवले नाही. तिन्ही ग्राहकांना त्यांनी नकार दिला आणि पोटमाळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेले मूळ इंजिन खाली काढले. तेल चोपडून ठेवल्यामुळे त्याला गंज लागला नव्हता. सिलिंडरमध्ये मात्र जुन्या सीजच्या उभ्या रेघा होत्या. लेथवर बोअर पाव मिलिमीटरने वाढवून त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घातल्या. सगळे पुन्हा बसवायला दोन रविवार गेले. शक्ती कमी झाली, एक गिअर कमी झाला आणि मिळू शकणारी किंमतही उतरली. आम्हाला विचाराल तर या गाडीवर झालेल्या सगळ्या कामात हे काम सर्वांत अवघड होते, कारण आपल्याच हातची कारागिरी त्यांना आपल्याच हाताने उतरवावी लागली.

चौथा ग्राहक कळव्याचा तरुण होता. त्याच्यासमोर दोन पाने ठेवली गेली: कोणता भाग मूळ, कोणता बाजारातला, सायलेन्सर कधी बदलला, मधल्या काळात कोणते इंजिन होते, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर केव्हा भरला. तरुणाने ती दोनदा वाचली आणि १३५ चे इंजिनही सोबत मागितले. त्या इंजिनाचे बिल आणि ते ज्या मोडीत गेलेल्या गाडीचे होते तिच्या रद्द झालेल्या नोंदणीची प्रत, दोन्ही मालकांकडे आहेत. तरीही त्यांनी ते दिले नाही. ‘तुला दिलं तर तू महिन्याभरात ते बसवशील, मला माहीत आहे,’ एवढेच ते म्हणाले. तरुण हसला, पण नाही म्हणाला नाही.

क्रँककेसवर पुन्हा कागद धरला गेला, पुन्हा पेन्सिल फिरली. या वेळी पट्टीवरचा प्रत्येक आकडा आरसी बुकाशी जुळला. हस्तांतराच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० पूर्ण भरूनच सह्या झाल्या. विक्री कळवण्यासाठी विकणाऱ्याला १४ दिवसांची आणि नाव चढवण्यासाठी घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. परंतु परिवहन कार्यालयात दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून जायचे ठरले. ताबा पावतीवर तारखेपुढची वेळेची जागा तरुणाने मोकळी सोडली होती. मालकांनी घड्याळाकडे पाहिले, तिथे ‘दुपारी ४ वाजून १० मिनिटे’ असे लिहिले आणि मगच किल्ली त्याच्या हातावर ठेवली.