अस्तित्वात नसलेला निवाडा

'रॉयर विरुद्ध नेल्सन'. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या अपील न्यायालयात आलेल्या एका अर्जात या निवाड्याचा आधार घेतला होता. समोरच्या वकिलांनी तो शोधला. कायद्याच्या एकाही संग्रहात मिळेना. मिळाला फक्त चॅटजीपीटीवर. असा खटला कधी झालाच नव्हता.

मसुदा तयार केला होता कार्यालयातल्या एका सहायकानं. त्याच्याकडे सनद नव्हती. अर्ज दाखल झाला तो मात्र सनदधारक वकिलांच्या नावानं, आणि संदर्भ कुणीच पडताळले नव्हते. वकिलांनी चूक कबूल केली, माफीही मागितली. मे २०२५ मध्ये न्यायालयानं बजावलं: प्रतिपक्षाच्या वकिलांची फी भरा, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला १,००० डॉलर द्या, आणि या अर्जापोटी अशिलाकडून घेतलेली फी त्याला परत करा.

फी परत करा, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण एरवी अशिलाचा विचारच होत नाही.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथल्या अपील न्यायालयानं १२ सप्टेंबर २०२५ रोजी एका वकिलाला १०,००० डॉलरचा दंड केला. त्याच्या मुख्य निवेदनात निवाड्यांमधले म्हणून दिलेले २३ उतारे होते, त्यातले २१ बनावट निघाले. त्यानं स्वतः लिहिलेला मजकूर चॅटजीपीटीकडून सुधारून घेतला होता आणि न वाचताच दाखल केला होता. विरोधी वकिलांनाही फी मिळाली नाही, कारण खोटे संदर्भ त्यांच्याही लक्षात आले नव्हते! निकालाची प्रत वकिलांच्या नियामक संस्थेला आणि अशिलालाही द्यायला सांगितलं.

दंड गेला न्यायालयाकडे. अशील अपील हरली. वकिलाकडून भरपाई हवी असेल, तर वेगळा दिवाणी दावा लावायचा. त्यात नुसता निष्काळजीपणा दाखवून भागत नाही. वकिलानं काम नीट केलं असतं तर मूळ खटला आपण जिंकलो असतो, हेही सिद्ध करावं लागतं. म्हणजे एका खटल्याच्या पोटात दुसरा खटला, आणि तो चालवायला पुन्हा एक वकील.

हे लोण आपल्याकडेही पोचलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. अधिकाऱ्यानं आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. इथे चूक वकिलाची नव्हती, खुद्द आदेश देणाऱ्याची होती. आणि उच्च न्यायालयापर्यंत धाव घ्यावी लागली ती करदात्याला.