मेल फिल्टर अडकला की आधी काय बघायचं

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण फोर्टात, अंधेरीत नाहीतर बीकेसीत कुठल्या ना कुठल्या ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळता. महिन्याच्या २० तारखेला काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, सीए मंडळींकडून पीडीएफ आणि एक्सेलचा मारा, आणि नेमके तेव्हाच फोन सुरू होतात, "मेल येत नाहीये." सर्व्हरवर लॉगिन व्हायलाच मिनिट जातं. चालू प्रोसेस दाखवणारी टॉप कमांड लावली तर लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी, साठच्या वर. अशा वेळी हात दोनच गोष्टींकडे जातो: सर्व्हिस रीस्टार्ट करायची, नाहीतर फिल्टरच्या, म्हणजे येणारा मेल व्हायरस-स्पॅमसाठी तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रोसेस वाढवायच्या. माझं आग्रहाचं सांगणं आहे, दोन्ही करू नका. रीस्टार्टने पुरावा जातो आणि प्रोसेस वाढवल्या की दुखणं वाढतं.

आधी तो साठचा आकडा समजून घ्या. लिनक्सचा लोड ॲव्हरेज म्हणजे नुसता प्रोसेसरवरचा भार नव्हे. डिस्कची वाट बघत अडकलेल्या, 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसही त्यात धरलेल्या असतात. म्हणून प्रोसेसर-मेमरीचे आकडे दाखवणारी व्हीएमस्टॅट कमांड दर सेकंदाला लावा आणि दहा-पंधरा ओळी शांतपणे वाचा. 'यूएस' हा टक्क्यांचा रकाना नव्वदच्या पुढे असेल, तर प्रोसेसर खरोखरच राबतोय. 'एसआय' आणि 'एसओ' सतत हलत असतील, तर मेमरी संपलीय आणि सर्व्हर स्वॅपमध्ये गेलाय, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरतोय. 'एसटी' वर असेल, तर तुमच्या व्हर्च्युअल मशीनच्या वाट्याचा प्रोसेसर दुसराच कोणी खातोय. तिथे तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये शोधून काही मिळणार नाही.

मेमरीचं उदाहरण नेहमीचं आहे. व्हायरस शोधणाऱ्या क्लॅमएव्हीच्या सह्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, मेमरीत एक जीबीपेक्षा जास्त जागा घेतात. ०.१०३ आवृत्तीपासून नवा डेटाबेस भरताना जुनाही तसाच जागेवर ठेवला जातो, म्हणजे तेवढ्या वेळापुरती जागा जवळजवळ दुप्पट लागते. चार जीबीच्या मशीनवर ऐन गर्दीत हे झालं, की सगळंच थिजतं.

आता प्रोसेसच्या संख्येचा हिशेब करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समजा चार कोअर आहेत आणि एक मेल तपासायला प्रोसेसरचे दोन सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला दोन मेल, मिनिटाला १२०. तुम्ही चार प्रोसेस ठेवा की चाळीस, हा आकडा वाढत नाही. चाळीस ठेवल्या तर प्रत्येक मेलला दोनऐवजी वीस सेकंद लागतील, आणि प्रोसेसमागे दीडशे एमबी धरली तर सहा जीबी मेमरी जाईल. एकाच शेगडीवर चार पातेली ठेवली म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही. डीएनएस ब्लॉकलिस्टच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीच्या, उत्तरासाठी फिल्टर थोडा वेळ रिकामा बसतो, म्हणून कोअरपेक्षा थोड्या जास्त प्रोसेस चालतात, दसपट नाही. आणि अमाविसमधली (मेल तपासणीला देणारा प्रोग्रॅम) 'मॅक्स सर्व्हर्स' ही प्रोसेसची कमाल संख्या कमी केलीत, तर पोस्टफिक्सच्या (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) मास्टर फाइलमधला आकडाही तेवढाच करा. दोन्हीकडे वेगळे आकडे ठेवणं हे दुखण्याला आमंत्रणच आहे.

गर्दी नसतानाही एखादी प्रोसेस शंभर टक्क्यांवर अडकून बसली असेल, तर संशय मेलवर घ्या. त्या प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे क्रमांक, घेऊन उघड्या फाइल दाखवणारी एलएसओएफ कमांड चालवा. अमाविसच्या टेम्प फोल्डरमधली 'ईमेल डॉट टीएक्सटी' ही फाइल उघडी दिसेल. त्यातला मेलच गुन्हेगार. प्रोसेस मारायच्या आधी ती फाइल बाजूला कॉपी करून ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन डीबग लावून त्यावर चालवा. वेळ कुठे जातोय ते तिथे दिसतं.

बऱ्याचदा निघतो तो आपणच लिहिलेला एखादा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याचा, नियम. एक किंवा जास्त अक्षरांचा गट, आणि तो गट पुन्हा एक किंवा जास्त वेळा, असा नमुना लिहिला आणि शेवटी जुळणी फसली, की मागे फिरून शोधणारं इंजिन गटांच्या सगळ्या शक्यता तपासत बसतं. एक अक्षर वाढलं की काम दुप्पट. तीस अक्षरांना सुमारे १०७ कोटी शक्यता! २ जुलै २०१९ रोजी वेबसाइटची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली, तीही अशाच एका नियमामुळे. सगळे प्रोसेसर त्यातच गुंतले. तेव्हा नवा नियम लिहिला की आधी लांबलचक, न जुळणाऱ्या मजकुरावर चालवून बघा. स्पॅमअसॅसिनची 'टाइम लिमिट' मुळात ३०० सेकंदांची असते, ती खाली आणा.

दबाव आला की कोणीतरी म्हणतंच, "फिल्टर बंद करा, मेल सोडा." माझा याला ठाम विरोध आहे. अशा दिवशी खोट्या इन्व्हॉइसचे मेल याच गर्दीत मिसळून येतात, आणि अकाउंट्समधला माणूस घाईत अटॅचमेंट उघडतो. उशीर झाला तरी मेल हरवत नाही. एसएमटीपीची, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीची, रचनाच वाट बघण्यासाठी आहे. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस मेल रांगेत ठेवतो. मात्र मेल पूर्ण स्वीकारण्याआधीच तपासत असाल, तर जपा. पाठवणारा सर्व्हर उत्तराची साधारण दहा मिनिटं वाट बघतो, मग जोडणी तोडतो आणि तोच मेल पुन्हा पाठवतो. तुमचा प्रोसेसर एकच मेल पुन्हा पुन्हा तपासत राहतो. अशा सर्व्हरवर गर्दी झाली, की ४२१ हा 'नंतर या' सांगणारा कोड देऊन नवी जोडणी तिथल्या तिथे परत पाठवलेली बरी.

दोष सापडला, दुरुस्त केला, की सगळी रांग एकदम ढकलायचा मोह आवरा; नाहीतर पाच मिनिटांत पुन्हा तीच अवस्था. रांगेतले मेल वयानुसार दाखवणारी क्यूशेप कमांड लावून डिफर्ड, म्हणजे पुन्हा पाठवायला थांबलेल्या मेलची, रांग बघत राहा. उजवीकडचे, म्हणजे जुन्या मेलचे रकाने रिकामे होऊ लागले, की मगच अकाउंट्सला फोन करून सांगा.