गंज खरवडू नका, काळा करा

मित्रहो, रायफलीवर चढलेला तांबडा गंज हा केवळ खरवडून फेकण्याचा मळ नव्हे, नीट उकळला तर तोच लोखंडाचे पांघरूण होतो, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी मी आज आपल्यासमोर उभा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या सोलापुरातल्याच एका संस्थेने, दिवाणखान्यात टांगलेली कायमची निकामी केलेली .३०३ ली-एनफिल्ड रायफल पाहण्यासाठी मला बोलावले होते. दस्ता जिथे लोखंडात बसतो, तिथल्या पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जी.आर.आय.’ ही ब्रिटिश राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरे, ‘इशापूर’ हे कारखान्याचे नाव आणि १९४२ हे साल होते. गंजाखाली डोळ्यांना ते नीट दिसत नव्हते, पण बोट फिरवले की एकेक अक्षर लागत होते. मी कामाची सगळी रीत कागदावर लिहून दिली. पुढच्या २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी गेलो, तर रायफल नव्या स्टीलच्या तांब्यासारखी चकाकत होती! कुणीतरी हौसेने ती बफिंगच्या चाकावर धरली होती. मुकुट गेला, साल गेले, आणि अक्रोडाच्या दस्त्यावरचे तपासणीचे शिक्के काचपेपरने घासून वर वॉर्निश चढवले होते. ज्याने हे केले त्याने दोन दिवस मनापासून राबून केले, याचे मला आजही जास्त दुःख होते. पावसाळा संपेपर्यंत ती उघडी पडलेली नळी पुन्हा तांबडी झाली.

असे का होते? तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. काळा ऑक्साइड मात्र घट्ट बसतो, तेल धरतो. उकळत्या पाण्यात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते, आणि नळ्यांना काळा रंग चढवण्याची जुनी पद्धत याच रसायनावर उभी आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा कृती थोडक्यात सांगतो. शस्त्र कायद्याने जवळ ठेवता येईल असेच असावे आणि रिकामे आहे हे आधी दोनदा पाहावे. मग पुढचे लाकूड आधी काढावे आणि दस्त्याचा बोल्ट त्यानंतरच फिरवावा, कारण त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेले असते व उलट क्रमाने गेल्यास लाकूड चिरते. या रायफलीची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली असल्याने खरा गंज तिथेच लपलेला सापडतो.

सुटा गंज तेलात भिजवून मऊ पितळी ब्रशने काढावा. त्यानंतर तेलाचा अंशही राहू न देता नळी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात वीसेक मिनिटे उकळावी. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. वर आलेली काळी भुकटी अगदी बारीक, तेल काढलेल्या स्टीलवूलने, म्हणजे पोलादी तारांच्या बोळ्याने, हलकेच पुसावी आणि लगेच तेल द्यावे. खड्डे राहतील, ते राहू द्यावेत.

लाकडाला जवसाचे तेल. जवस म्हटले की आपल्याला आधी चटणी आठवते, पण इथे ते तळहाताने, पातळ थरात, प्रत्येक थर वाळू देत चोळायचे असते. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण हे तेल वाळताना तापते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती अंगणात पसरून वाळवावीत.